आरएक्स १००चा ब्लॉक: बोअर करू की किट टाकू?

सातारकर_आरएक्स: वडिलांची १९९४ची यामाहा आरएक्स १००. खंबाटकी चढताना मागचं चाक जाम झालं. थंड झाल्यावर किक फिरली. ब्लॉक (पिस्टन ज्यात वरखाली होतं तो सिलिंडर) उतरवला तर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, वरची रिंग खाचेत चिकटलेली. पिस्टनवर ५० लिहिलंय. मेकॅनिक म्हणतो, नवीन ब्लॉक-पिस्टन किट टाका, जुना ब्लॉक आतून कातून मोठा करायच्या, म्हणजे बोअरच्या, नादाला लागू नका.

धूरवाला: किटच टाका राव. अर्ध्या दिवसात गाडी रस्त्यावर.

लेथवाला_उद्यमनगर: गडबड करू नका. कोल्हापुरात बोरिंगचंच काम करतो म्हणून सांगतो, मूळ ब्लॉक भंगारात तर सोडाच, मेकॅनिककडंही ठेवून येऊ नका. बाजारातल्या किटांत पोर्ट (ब्लॉकच्या भिंतीतली वायू ये-जा करायची भोकं) ओबडधोबड असलेले किती ब्लॉक माझ्याकडं येतात!

मूळ बोअर, म्हणजे ब्लॉकचा आतला व्यास, ५० मि.मी.; पिस्टनवरचं ५० म्हणजे त्याहून अर्धा मि.मी. जादा, तुमचा ५०.५० झालाय. म्हणजे ७५ (पाऊण मि.मी. जादा) आणि १०० (एक मि.मी. जादा) साइज अजून शिल्लक. १००ला बोअर ५१ होतो, इंजिन १०२ सीसीच्या आसपास. काही बिघडत नाही.

आधी पिस्टन घ्या, मग दोन्ही घेऊन लेथवर जा. 'पिस्टन नंतर आणतो' म्हणणाऱ्याला मी परत पाठवतो. पिस्टन मोजल्याशिवाय बोअर किती ठेवायचा ते कसं कळणार? बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा सुरीसारख्या राहतात. त्या घासून मारून घ्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. टू-स्ट्रोकमध्ये हेच विसरतात. मग होनिंग, म्हणजे आतली भिंत दगडानं बारीक घासून घेणं.

पण पिस्टन चिकटलं कशानं, ते शोधल्याशिवाय एक रुपया घालू नका. ऑइल पंपाच्या पाइपात हवा आहे का बघा. क्रँकच्या दोन टोकांना रबरी सील असतात; क्लचकडचं सील गेलं तर गिअर ऑइल ओढून पांढरा धूर येतो, लगेच कळतं. मॅग्नेटकडचं (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या बाजूचं) गेलं तर गुपचूप हवा ओढते, पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन तापतं.

सातारकर_आरएक्स: पुलर लावून मॅग्नेट काढलं. सीलची कड कडक होऊन चिरलीय. पंप ठीक आहे. आणि १०० साइजही संपली तर?

लेथवाला_उद्यमनगर: सापडला चोर. दोन्हीकडची सील बदला. १०० संपली तर ब्लॉक तापवून जुनी स्लीव्ह (आतली लोखंडी नळी) काढायची, नवीन बसवायची. पोर्ट तंतोतंत जुळवणारा माणूस मात्र हवा. मिलिमीटरभर वरखाली झालं तरी गाडीचा पिकअप बदलतो. सध्या ७५चं पिस्टन आणा. ओरखडा त्यात निघाला नाही तर लेथवाल्याला आधी तुम्हाला फोन करायला सांगा, परस्पर १००ला जाऊ देऊ नका कुणाला.