स्केच पूर्ण काळं, तरी भोकं चुकली

मकरपुरा_ड्राफ्ट्समन:
बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग करतो, सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरवर. मोटरची बेसप्लेट होती, ९०एस फ्रेम (मोटरचा ठरलेला साइझ), म्हणजे पायांच्या भोकांची अंतरं १४० बाय १०० मिलीमीटर. गिऱ्हाइकाने ऐनवेळी मोटर ९०एल केली. मी १०० चं १२५ केलं, प्लेटची लांबी १६० ची १८५ केली आणि फाइल लेझरवाल्याला धाडली. बारा प्लेटा कापून आल्या. वरची दोन भोकं १२५ वर, खालची दोन १०० वरच! सगळ्या भंगारात. शेठनी कापणीचे पैसे माझ्या नावावर लिहून ठेवलेत. स्केच पूर्ण काळं, म्हणजे सगळं बांधलेलं होतं हो, एक रेघ निळी, म्हणजे मोकळी नव्हती. मग चुकलं कुठे?

टूलरूमवाले_काका:
काळं म्हणजे बरोबर, हे कोणी सांगितलं तुला? काळं म्हणजे आता काही हलत नाही, एवढंच. चुकीच्या जागीही घट्ट बसतंच की.

आकडे मोज. चार भोकांची आडवी-उभी आठ मापं, व्यास चार, म्हणजे बारा. त्यात १०० दोनदा लिहिलंस. एक बदललंस, दुसरं राहिलं. ती चार भोकं एकाच मोटरच्या पायाची आहेत हे सॉफ्टवेअरला कसं कळणार?

ओरिजिनवर, म्हणजे शून्य बिंदूवर, मध्य ठेवून सेंटर रेक्टँगल काढ, कन्स्ट्रक्शन रेघांचा (नुसत्या आधाराच्या, कापल्या न जाणाऱ्या). चार कोपऱ्यांवर वर्तुळांची केंद्रं ठेव, वर्तुळं आपसात इक्वल कर. आता मापं तीनच: १४०, १०० आणि व्यास १०. बाहेरची कडही त्याच ओरिजिनवर मधोमध, लांबीला इक्वेशन, भोकांचं अंतर अधिक ६०. आधी नाती (मधोमध, इक्वल वगैरे) लाव, मग मापं. काळं झालं की १०० चं मुद्दाम १७० करून बघ, काय मोडतं ते लगेच कळतं.

आम्ही हाताने मार्किंग करायचो तेव्हा कड गॅसकटची, दोन मिलीमीटर इकडेतिकडे. म्हणून मधली रेघ आधी मारायची. मोटरला प्लेटच्या कडेशी काय घेणंदेणं?

फ्रीकॅडवाली:
मी वापरते त्या फ्रीकॅड सॉफ्टवेअरमध्ये स्केच पूर्ण बांधलं की हिरवं होतं, आणि फसवतंही तेवढंच. मी मापांना नावं देते, 'पाय_लांबी' वगैरे, म्हणजे सहा महिन्यांनी उघडलं तरी कळतं. आणि फिक्स लावून, म्हणजे आहे तिथेच खिळवून, काळं करू नका. ते दुखणं नुसतं झाकणं झालं.

मकरपुरा_ड्राफ्ट्समन:
दोन भोकांना फिक्स होतंच, ताई. काढलं.

काका, नवीन स्केचमध्ये १००एल फ्रेमची मापं टाकून बघितलं: १६०, १४०, व्यास १२. चारही भोकं एकदम सरकली. पण प्लेटची रुंदी २०० वरच राहिली, कडेला ३० च्या जागी २० च उरले. आता तिलाही अधिक ६० लावलंय. शेठना अजून सांगितलेलं नाही.