मदत हवी आहे: पणजीत दोन दिवस, मावशीचे गुडघे सांभाळून उघड्यावर काय दाखवू?

नमस्कार मंडळी. राहते फोंड्यात, त्यामुळे पणजी म्हणजे कचेरीची कामे नाहीतर मासळी मार्केट. हिंडायला म्हणून जाणे होतच नाही. आता डिसेंबरात एका शनिवार-रविवारी सोलापूरहून मावशी, मावसभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले (७ आणि ११ वर्षे) येताहेत. मंगेशी-शांतादुर्गा मागच्या खेपेला झाले. कळंगुट-बागा नको, असे भावाने आधीच बजावले आहे. कॅसिनोच्या बोटींत कुणालाच रस नाही. हवे आहे ते पाणी, झाडे आणि वारा.

अडचण मावशीची. सपाटीवर अर्धा तास चालते, चढ आणि पायऱ्या मात्र झेपत नाहीत. आणि "मी गाडीत बसते, तुम्ही जाऊन या" हे तिचे ठरलेले वाक्य मला या वेळी ऐकायचे नाही.

मनातला बेत असा: शनिवारी सकाळी फोंताइन्यस (पणजीतली जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांची वस्ती), संध्याकाळी मिरामारचा किनारा. रविवारी रायबंदरहून फेरीबोटीने चोडण, तिथले सलीम अली पक्षी अभयारण्य, आणि जमल्यास रेईश मागूशचा किल्ला. अभयारण्यात सकाळी जावे की चारनंतर? मिरामारला मुलांना पाण्यात सोडता येईल का? किल्ला मावशीला झेपेल? आणि अकरा ते चार कुठे काढायचे? डिसेंबर असला तरी दुपारी ऊन चांगलेच लागते.

उंडोपाव:
ताई, फोंताइन्यस नऊच्या आत उरका. नंतर फोटोवाल्यांची झुंबड उडते. ती राहती घरे आहेत, लोक आधीच वैतागलेत. मुलांना कुणाच्या पायरीवर बसवून फोटो काढू नका. खालच्या गल्ल्या सपाट आहेत, मावशींना त्रास नाही. शेजारच्या मळा भागातल्या मारुतीच्या देवळाला मात्र पायऱ्या आहेत, त्यांनी खालूनच हात जोडावेत. न्याहारीला पातळ भाजी, पाव आणि मिरची भजी. हॉटेलातला बुफे कशाला हवा?

दुपारी कांपाल. जुनी मोठी झाडे, शेजारी मांडवी, मुलांसाठी भगवान महावीर उद्यान. कला अकादमीची इमारतही बघा, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची आहे.

मिरामारला पोहणे नकोच. मांडवी तिथेच समुद्राला मिळते, ओढ वरून दिसत नाही. घोट्याइतक्या पाण्यात, जीवरक्षक आहेत त्या बाजूला, एवढेच. भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी तिथेच आहे. मावशींच्या पिढीला नाव ठाऊक असेल, नसेल तर सांगा, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री.

आणखी एक. ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव असतो. तुमची तारीख त्याच्या आसपास असेल तर चर्च चौकात गाडी घालूच नका.

खाजनवाला:
चोडणला सकाळ की संध्याकाळ हे घड्याळाला विचारू नका, भरती-ओहोटीला विचारा. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि हिवाळी पाहुणे पक्षी त्यावर खायला उतरतात. भरतीला तेच पक्षी लांब कुठेतरी जाऊन बसतात, पण होडी खारफुटीत आतपर्यंत जाते. दोन्ही एका वेळी मिळत नाही.

आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. शुद्ध असो वा वद्य, तृतीया असेल तर तीनाचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती. सहा तास मागे गेलात की सकाळी आठच्या आसपास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला, म्हणजे नेमकी उन्हात. हिशेब ढोबळ आहे, आणि खाडीत आत पाणी थोडे उशिरा पोचते. पण बेत ठरवायला पुरतो. तुमची तिथी कोणती?

फेरीत पायी माणसाला तिकीट नाही. गाडी रायबंदरलाच ठेवा, चोडणला उतरल्यावर अभयारण्य अगदी जवळ आहे. सगळे मिळून पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, वाट सपाट, खारफुटीच्या सावलीतून. मुलांना चिखलातले खेकडे दाखवा, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी वाटते. तो ती हलवायला लागला की पक्षी विसरतात पोरे. निरीक्षणाच्या मनोऱ्यावर मावशींनी चढू नये. डासांचे मलम घ्या, पाणी घ्या, स्वच्छतागृह आधीच उरकून निघा.

जाताना पणजी-रायबंदरचा जुना बांध लागेल, १६३३-३४ चा, सुमारे तीन किलोमीटर. बाजूला मिठागरे आहेत, गाडी हळू घ्या. बगळे आणि खंड्या तिथे बसल्या जागी दिसतात.

(मूळ प्रश्नकर्ती):
कालनिर्णय काढून बघितले, रविवारी तृतीयाच आहे! म्हणजे साडेसातला रायबंदर. भावाला सुट्टीत पहाटे उठवायचे काम माझे. किल्ल्याचे कुणी सांगेल का?

उंडोपाव:
रेईश मागूश डागडुजी करून २०१२ मध्ये खुला झाला. आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रे आहेत आणि तटावरून अख्खी पणजी दिसते. पण चढ आहे. मावशींना नेऊच नका, आणि त्यांना खाली गाडीत ठेवून तुम्हीही जाऊ नका. रविवारी त्याऐवजी पणजीहून मांडवीपलीकडच्या बेतीची फेरी धरा: जाऊन-येऊन, उतरायचेही नाही. नदीच्या मधोमध वारा फुकट.

खाजनवाला:
+१. फक्त पाचच्या आत जा, नंतर फेरीत कामावरून परतणाऱ्यांच्या दुचाकी दाटतात आणि म्हाताऱ्या माणसाला उभे राहायला जागा उरत नाही.