मदत हवी आहे: लीज लाइन बंद पडली तरी राउटिंग टेबलमधला जुना रूट जात नाही

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात लेयर थ्री मॅनेज्ड स्विच (राउटिंगही करणारा) आहे. तुर्भ्याच्या गोदामाकडे (१०.२०.०.०/१६) दोन स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेले मार्ग) टाकलेत: लीज लाइनच्या (भाड्याच्या खासगी जोडणीच्या) राउटरकडून १९२.१६८.१.२, आणि ब्रॉडबँडवरून १९२.१६८.१.३, त्याला डिस्टन्स (मार्गाचा पसंतीक्रम) २००.

'शो आयपी रूट' दिलं की एकच ओळ दिसते:

एस १०.२०.०.०/१६ [१/०] व्हाया १९२.१६८.१.२

कंसातला पहिला आकडा डिस्टन्स, दुसरा मेट्रिक (मार्गाचा खर्च). कमी डिस्टन्सवाला टेबलात बसतो, म्हणून २०० वाला फक्त कॉन्फिगमध्ये दिसतो. इथवर ठीक.

अडचण पुढे आहे. लाइन तुटली तरी ही ओळ जागची हलत नाही. राउटर आमच्याच रॅकमध्ये चालू असतो, पिंगला (पोहोच तपासायच्या संदेशाला) उत्तर देतो, त्यामुळे स्विचच्या लेखी नेक्स्ट हॉप (पुढचा राउटर) शाबूत! तिकडे गोदामात संध्याकाळच्या गाड्या भरून उभ्या आणि चलन निघत नाही. ड्रायव्हर लोकांचे फार हाल होतात.

पलीकडच्या टोकाला पिंग करून ट्रॅक लावायचा (उत्तर थांबलं की रूट काढणारी पाळत), की दोन्हीकडे ओएसपीएफ (राउटरांनी आपसात मार्ग कळवायचा प्रोटोकॉल) चालवावं? दोनच साइटसाठी ओएसपीएफ मला जास्त वाटतं. ट्रॅक लावला तर तो पिंग ब्रॉडबँडवरून फिरून जाऊ नये म्हणून वेगळा /३२ रूट (फक्त त्या एका पत्त्यासाठीचा) द्यावा लागेल ना? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.