ताडपत्रीने भागत नाही, आधी वरचं पाणी वळवा

बांधकामासाठी खोदलेल्या मातीच्या ढिगावर ताडपत्री टाकली की पावसाळ्यात माती वाहून जायची काळजी मिटते, असं काही जण म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. पुण्यात बावधनच्या आमच्या साइटवर ताडपत्री होती, दोरीने नीट बांधलेली. पण वरच्या उतारावरचं पाणी तिच्या खालून घुसलं आणि ढिगाचा पायाच पोखरला. सकाळी पाहतो तर रस्त्यावर घोटाभर चिखल, पावसाळी गटाराची जाळी लिंपल्यासारखी बंद.

तेव्हा आधी खोदाईच्या वरच्या अंगाला चर मारा आणि ते पाणी बाजूने काढून द्या. उघड्या मातीला ते शिवताच कामा नये. चराला उतार जास्त असेल तर मध्ये मध्ये दगडांचे छोटे बांध घाला, वेग मोडतो. ढिगाच्या पायथ्याशी मुरमाच्या गोण्या.

खड्ड्यातलं पाणी उपसताना फुटव्हॉल्व (पंपाच्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप) तळाला टेकू देऊ नका. पाणीही थेट गटाराच्या चेंबरमध्ये नको, आधी निवळायच्या खड्ड्यात सोडा. मुरमाची रेती लवकर बसते, काळ्या मातीचे बारीक कण मात्र दिवस दिवस तरंगतात. त्यासाठी खड्डा मोठा लागतो.

जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीला डोंगर फोडलेल्या जागेवरून लोंढा महामार्गावर आला, मायलेकी वाहून गेल्या. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. डोंगरउतारावर काम असेल तर वळवाच्या आधी चर तयार ठेवाच. तुमच्या प्लॉटपासून नाला किती लांब आहे?