शब्द हवाय: प्रायोगिक नाटकांवर लिहिणाऱ्या नव्या पोरांना काय म्हणायचं?

कोपऱ्यातली खुर्ची
मंडळी, एक शब्द हवाय आणि परवा सकाळपर्यंत हवाय, कारण पोस्टर छापायला जायचंय. आम्ही सातआठ जण मिळून पुण्यात महिन्यातले दोन शनिवार असं सहा महिने काहीतरी सुरू करतोय. छोट्या हॉलमध्ये, गच्चीवर, कुणाच्या गॅरेजमध्ये जे प्रयोग होतात ना, ज्यांना नाटक म्हणावं की नाही हेच कळत नाही, ते बघायचे आणि त्यावर लिहायला शिकायचं. विशीपंचविशीची दहाबारा पोरंपोरी आहेत. पोस्टरवर आधी लिहिलं 'नवोदित समीक्षकांसाठी कार्यशाळा', तर ज्या पोरीच्या डोक्यातून हे सगळं निघालं तीच म्हणाली, मावशी, हे वाचून मी आलेच नसते. तिला 'समीक्षक' म्हटलं की एमएचा पेपर आठवतो आणि 'नवोदित' म्हटलं की कविसंमेलनातलं दुपारच्या जेवणानंतरचं सत्र. 'परीक्षक' म्हणावं तर एकांकिका स्पर्धेत पहिल्या रांगेत टेबल-पाण्याची बाटली घेऊन बसलेले तिघे डोळ्यासमोर येतात. 'टीकाकार' नकोच. 'रिव्ह्यूअर' म्हणजे मिक्सर घेतल्यावर चार स्टार देणारा. सुचवा काहीतरी.

विंगेतला
वीस वर्षं बॅकस्टेज करतोय, आमच्यात कुणी 'समीक्षा आली का' असं विचारलेलं ऐकलं नाही. 'परीक्षण आलं का' नाहीतर सरळ 'रिव्ह्यू कसाय'. समीक्षा पुस्तकाची होते, पेपरात नाटकाचं येतं ते परीक्षण, एवढा फरक लोक न शिकवता पाळतात.

पण माझी तक्रार तुमच्या पोस्टरवरच्या दुसऱ्या शब्दाबद्दल आहे, 'प्रायोगिक'. आपल्या भाषेत गडकरी रंगायतनला लागलेल्या फार्सचाही 'प्रयोग' असतो आणि गॅरेजमध्ये बारा लोकांपुढे केलं त्याचाही प्रयोगच, शाळेत बेडूक कापायचे तोही प्रयोग आणि मराठीच्या बाईंनी डोक्यात घातलेला कर्मणी प्रयोग तो वेगळाच. आणि 'प्रायोगिक' म्हटलं की माझ्या बायकोला आठवतं 'प्रायोगिक तत्त्वावर बससेवा सुरू', म्हणजे तीन महिन्यांत बंद पडणार. (आमची बरीच नाटकं तशी बंद पडतात, ते सोडा.)

अर्धविराम
विंगेतले, प्रयोग म्हणजे सादर करणं हा अर्थ फार जुना आहे हो. शाकुंतलाच्या सुरुवातीला सूत्रधारच म्हणतो ना, आ परितोषाद्विदुषां न साधु मन्ये प्रयोगविज्ञानम्, म्हणजे जाणकारांचं समाधान होईपर्यंत माझं प्रयोगाचं कसब चांगलं असं मी मानत नाही. 'करून बघणं' हा विज्ञानाचा अर्थ त्याला नंतर येऊन चिकटला, आणि मराठीत दोन्ही एकाच शब्दात राहतात. मला तर हे आवडतं. प्रत्येक खेळ म्हणजे करून बघणंच की.

आता मूळ प्रश्न. प्रेक्षक, परीक्षक, समीक्षक, निरीक्षक ही सगळी एकाच घरातली भावंडं, धातू ईक्ष्, बघणे. प्र लावला की प्रेक्षक, परि लावला की सगळ्या बाजूंनी बघणारा, सम् लावला की नीट, पुरतं बघणारा. म्हणजे व्युत्पत्तीने बघाल तर यातल्या कुणालाही निकाल द्यायला सांगितलेलं नाही, फक्त बघायला सांगितलंय. आणि गंमत म्हणजे अपेक्षा, प्रतीक्षा आणि उपेक्षा हीपण त्याच घरातली, प्रायोगिक नाटकवाल्यांना ह्या तिघी जास्त ओळखीच्या.

'टीका'वर मात्र अन्याय झालाय. शके बाराशते बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें. तिथे टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणं. आज 'ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका केली' असं कुणी हेडिंग दिलं तर संध्याकाळपर्यंत मोर्चा येईल.

कोपऱ्यातली खुर्ची
अर्धविराम, बघणं हाच मुद्दा आहे बघा, म्हणून एक सांगते. मागच्या महिन्यात ट्रायल म्हणून आम्ही सहा पोरांना एका प्रयोगाला नेलं. वीसेक खुर्च्या, जमिनीवर वर्तमानपत्र, एक बाई येते आणि कांदे सोलायला लागते, चाळीस मिनिटं, बोलत नाही. कांदे संपतात, ती टरफलं गोळा करून पदरात घेते आणि निघून जाते. बस.

सहाजणांनी घरी जाऊन लिहून आणलं. पाचांच्या लिखाणात 'स्त्रीच्या अव्यक्त वेदनेचा अंतर्मुख करणारा आविष्कार' या ना त्या रूपात होतंच, आणि शेवटी प्रत्येकाचं 'प्रकाशयोजना परिणामकारक, पार्श्वसंगीत पूरक'. अरे पार्श्वसंगीत नव्हतंच! पंखा होता फक्त. पेपरातल्या परीक्षणांचा शेवटचा पॅरा वाचून वाचून हाताला वळण पडलंय, नेपथ्य सूचक, वेशभूषा साजेशी, की झालं.

सहाव्या पोरीने, तीच ती, असं लिहिलं: सातव्या कांद्याला पुढच्या रांगेतल्या काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आधी ते हसले, मग रुमाल काढला, मग त्यांनी रुमाल बायकोला दिला. बाईच्या डोळ्यांत मात्र शेवटपर्यंत पाणी आलं नाही. ती सवयीने सोलत होती. एवढंच. त्यात 'वेदना' हा शब्द कुठेच नाही. मी ते वाचून गप्प बसले, कारण मीही तिथेच कोपऱ्यात बसले होते आणि मला काकांचा रुमाल दिसलाच नव्हता.

आता ह्या मुलीला काय म्हणू? समीक्षक म्हणवत नाही, ती अजून काही पारखत नाहीये. पण बाकी पाच जणं पारखत होते आणि त्यांना दिसलं काहीच नाही.

विंगेतला
वा. पोरीला सांभाळा.

पेपरतपासनीस
(नावावरून ओळखलं असेल, मी शिक्षिका.) 'रसिक', 'आस्वादक' चालेल का? सिनेमाला 'रसास्वाद' शब्द चांगला रुळलाय, पुण्यात चित्रपट रसास्वाद शिबिरं होतात तेव्हा कुणाला त्या नावाची भीती वाटत नाही.

विंगेतला
बाई, आस्वादक म्हटलं की मला पंगतीला बसलेले गृहस्थ दिसतात. आणि सगळ्याच प्रयोगांचा आस्वाद घ्यायचा नसतो, काही घशाखाली उतरत नाहीत तेच बरं असतं. गाण्यात कानसेन म्हणतात तसं नाटकाला काहीच नाही का आपल्याकडे?

अर्धविराम
आहे की. प्राश्निक. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात येतो. प्रयोगाच्या यशापयशावरून वाद झाला तर निवाडा कुणी करायचा, तर ह्या प्राश्निकांनी, आणि यादी बघा कसली भारी आहे: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. दहा जण. ज्याला जे कळतं त्यानं तेवढंच बघायचं. धनुर्धराने अंगाची ठेवण बघायची, उभं कसं राहिलाय ते, कारण बाण सोडणाऱ्याला ते कळतं. रंगभूषा-वेशभूषा चित्रकाराने, शृंगाराचे व्यवहार खरे वाटतात का ते गणिकेने, दरबारी रीतभात राजसेवकाने. साहित्याचा प्राध्यापक यादीत नाही, नोंद घ्यावी.

कालिदासाच्या मालविकाग्निमित्रातसुद्धा दोन नाट्याचार्यांचं भांडण लागतं तेव्हा हाच शब्द येतो, आणि तिथे परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी, म्हणते की नाट्यशास्त्र प्रयोगप्रधान आहे, नुसत्या बोलण्याने काय होणार. मग शिष्येला नाचून दाखवायला लावतात.

पेपरतपासनीस
अहो अर्धविराम, थांबा थांबा! आमच्या खात्यात 'प्राश्निक' रोजचा शब्द आहे. प्राश्निक म्हणजे पेपर काढणारा, परीक्षक म्हणजे पेपर तपासणारा आणि त्या दोघांच्या वर नियामक. मानधनाच्या बिलावर तिन्ही वेगवेगळे रकाने असतात. पोस्टरवर 'प्राश्निक हवेत' लिहिलंत तर शहरातले निम्मे निवृत्त मास्तर बिल घेऊन येतील.

पण माझं हसून झाल्यावर मला तो अर्थच पटायला लागला. मी दोन्ही कामं केलीत. तपासणाऱ्याच्या हातात नमुना उत्तर असतं, त्याच्याशी ताडून मार्क द्यायचे. पेपर काढणाऱ्यासमोर कोरा कागद. कांद्याच्या प्रयोगाला तुमच्या त्या पाच मुलांनी नमुना उत्तर हातात धरून तपासलं, आणि मुलीने एक प्रश्न काढला: सोलणारी का रडत नाही? मार्क दिलेच नाहीत.

मालवणी मुलुख
आमच्याकडे दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, ठरलेलं कथानक आणि बाकी ऐनवेळचं. सकाळी चहाच्या टपरीवर विचारतात 'रातचा नाटाक कसा झाला?' आणि मग एकेकजण असं काही बोलतो की कुठल्या पेपरात वाचायला मिळणार नाही, राजाने अमक्या वाक्याला तलवार एवढी खाली का आणली इथपर्यंत. त्या लोकांना कुणी समीक्षक म्हणत नाही. पण लिहून कुणी ठेवत नाही हेही खरं, त्यामुळे आजोबांनी पाहिलेला संकासूर आजोबांबरोबरच गेला.

ता.क. बोलताना लोक काय शब्द वापरतात ते बघा: नाटक बसवतात, नट भूमिका उभी करतो, प्रयोग चढतो, रंगतो, नाहीतर पडतो. ही चालती-बोलती क्रियापदं सोडून लिहायला बसलं की 'अनुभूती' आणि 'आविष्कार' कुठून येतात देव जाणे.

विंगेतला
मालवणींचा लिहून ठेवण्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण व्यावसायिक नाटकाचे शंभर-दोनशे प्रयोग होतात, आज चुकलं तर पुढच्या रविवारी बघा. आमचे होतात पाच. सातवा झाला तर पेढे वाटतो. वर संहिताच नसते, असली तरी त्यात कांदे सोलते एवढंच लिहिलेलं. मग राहतं काय? कुणीतरी लिहिलं असेल तेवढंच. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने जे चालवलं त्याची नुसती नावं नाही तर वास आपल्याला माहीत आहे, 'छबिलदासी' असा शब्दच पडला. तो कशामुळे? बघणारे लिहीत होते म्हणून. माधव मनोहर होते, पुष्पा भावे, ज्ञानेश्वर नाडकर्णी, कमलाकर नाडकर्णी. पटो न पटो, वाचून भांडता यायचं.

अर्धविराम
आणि त्यातल्या कुणाला कार्यशाळा करून घडवलं नव्हतं, हेही लिहा की.

विंगेतला
नव्हतं, पण 'माणूस', 'सोबत' अशी साप्ताहिकं होती, तिथे लिहायला जागा होती, आणि चिडून उत्तर लिहायलाही होती. मी स्वतः मध्यंतरी एका दैनिकासाठी लिहायचो. एकदा गॅरेजमधल्या प्रयोगावर नऊशे शब्द दिले, छापले दोनशे दहा, आणि उडवले ते नेमके त्यातली नटी काय करते त्याचे. राहिलं काय तर कलाकारांची नावं आणि 'स्तुत्य उपक्रम'. त्यानंतर लिहिलं नाही. माणूस लिहून लिहून घडतो, जागाच नाही तर कार्यशाळेत का होईना, घडू दे.

मालवणी मुलुख
शंका. नाटकच नाही असं काही असलं तर? चित्रकार रुम्माना हुसेन यांनी १९९५ला मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात पपईचे दोन अर्धे हातात घेऊन, पायात घुंगरू बांधून जे केलं, त्याला कुठल्या पानावर टाकणार, नाटकाच्या की चित्रकलेच्या? 'सादरीकरण' म्हणायची पद्धत पडलीय पण तो शब्द ऐकला की जिल्हाधिकाऱ्यांपुढचा प्रोजेक्टर दिसतो.

कोपऱ्यातली खुर्ची
तिथे आम्ही सरळ 'परफॉर्मन्स' लिहिणार, मराठी शब्द ओढूनताणून आणायचा नाही असं ठरलंय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर अर्धविरामांच्या त्या दहाजणांच्या यादीत आहे. आमच्याकडे आलेल्या पोरांत एक फिजिओथेरपी शिकणारी आहे, एक जण लग्नात ढोल वाजवतो, एक आर्किटेक्चरचा. त्यांना मी 'नाटकाबद्दल लिहा' सांगत होते, ते चुकलंच. फिजिओवालीला सांगायला हवं होतं, चाळीस मिनिटं मांडी घालून बसलेल्या बाईचे गुडघे बघ. ती लिहील ते मला सात जन्मात दिसणार नाही.

गंगावेस
उशिरा आलो, माफी. एवढी चर्चा झाली आणि आमचा शब्द कुणी काढला नाही. तालीम! नाटकवाल्यांची तालीम म्हणजे रिहर्सल, आमच्या कोल्हापुरात तालीम म्हणजे लाल माती आणि जोर-बैठका, आणि मूळ अरबीत तालीम म्हणजे शिकवणं. तिन्ही तुमच्या कामाचे. तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी कुस्ती धरायला लावत नाहीत, माती उकरायला लावतात आणि बसून बघ म्हणतात. लिहिणाऱ्याला समीक्षक, प्राश्निक काहीच म्हणू नका, तो कोण ते पुढं त्याचं तो ठरवील. जागेला नाव द्या.

पेपरतपासनीस
'लिहिणाऱ्यांची तालीम'?

विंगेतला
'बघून लिहिणाऱ्यांची तालीम'. बघून पाहिजेच, न बघता लिहिणारेही माहितीत आहेत माझ्या.

कोपऱ्यातली खुर्ची
झालं! पोरीला फोन करून वाचून दाखवलं, ती म्हणाली हे बघून आले असते. मोठ्या अक्षरात 'बघून लिहिणाऱ्यांची तालीम', खाली 'दर दुसऱ्या-चौथ्या शनिवारी, नाटक यायलाच हवं असं नाही'. छापखान्यातून आत्ताच विचारलंय, तालीममधली ली पहिली की दुसरी?

अर्धविराम
दुसरी, दीर्घ. प्रत्यय लागला की गळते, 'तालमीत', 'तालमीला'. खालच्या ओळीत 'तालीमीला या' असं काही टाकलं असेल तर आत्ताच बदला.

कोपऱ्यातली खुर्ची
टाकलं होतं. पळते.