वांग्यात कामगंध सापळे लावले, तरी शेंडे माना टाकतायत

कृष्णाकाठची
नमस्कार. कराडच्या खालच्या अंगाला माझी 20 गुंठे काटेरी वांगी आहेत. बांधापलीकडच्या भाऊजींनी गेल्या साली कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून धरणारे) लावले, त्यांचा माल स्वच्छ निघाला. ते बघून मीही 5 लावले. महिना झाला, सापळ्यात एक पतंग नाही. शेंडे मात्र रोज सुकतायत आणि कालच्या तोड्यात दर तिसरं वांगं किडकं. पितृपंधरवड्यात कधी नव्हे तो दर, आणि व्यापारी माझी पाटी बाजूला सारतो! भाऊजींना विचारलं तर म्हणतात, "लावले की झालं." शेतीशाळा भरते नेमकी धारेच्या वेळेला, आणि तिथलं जे काही असतं ते नंतर पुरुषांच्या ग्रुपवर फिरतं. दुकानदाराने तीन औषधं एकत्र मारायची चिठ्ठी दिलीय. मारू का?

बांधकरी
ताई, चिठ्ठी राहू द्या. आधी ल्युअरचं, म्हणजे सापळ्यातल्या वासाच्या आमिषाचं पाकीट वाचा. वांग्याच्या शेंडा-फळ पोखरणाऱ्या अळीला लागतो ल्युसिल्युअर. टोमॅटो-हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा हेलिल्युअर वेगळा, त्या वासाला हा पतंग ढुंकून बघत नाही. शिवाय 20 गुंठ्यांत 5 सापळे म्हणजे कीड आली का एवढंच कळणार. नर धरून जोडी जमू द्यायची नसेल तर एकरी 40, म्हणजे तुम्हाला 20. पाण्याचा सापळा घ्या, पाण्यात चिमूटभर साबण पावडर टाका. पिकाच्या शेंड्याच्या जरा वर ठेवा, झाड वाढेल तसा काठीवर सरकवत जा.

रानातली
सापळा नर धरतो, शेंड्यात बसलेली अळी नाही. मी दोन वर्षं सुकलेल्या शेंड्याला मर रोग समजत होते. शेतीशाळेत कृषी सहायकांनी ब्लेडने शेंडा उभा चिरून दाखवला, आत गुलाबीसर अळी! तेव्हापासून सुकलेला शेंडा थोडा खालून कापून पिशवीत भरते आणि पुरते. किडकी वांगीही तशीच. सरीत टाकली की अळी मातीत जाऊन कोष करते. तीन औषधांच्या मिश्रणाने अळी खाणाऱ्या गांधीलमाश्याच आधी मरतात. मारायचंच तर लेबलावर वांग्याचं नाव असलेलं एकच मारा, आणि त्यावर लिहिलेले दिवस गेल्याशिवाय तोडा करू नका. आणि हो, उपटलेल्या जुन्या वांग्याच्या काट्या कुठे रचल्यात? पतंग त्यातूनही निघतात.

कृष्णाकाठची
पाकीट केरातून शोधून काढलं. हेलिल्युअर! दुकानदार फोनवर म्हणतो, "दोन्ही एकच." नवे 20 ल्युअर सांगितलेत, या वेळी नाव कागदावर लिहून दिलं. सकाळी शेंडे खुडले, दीड पोतं निघालं.

काट्यांचं मात्र काय सांगू. भाऊजींनी श्रावणात उन्हाळी वांगी उपटली, त्या सगळ्या काट्या आम्हीच सरपणाला आणून गोठ्यामागे रचल्यात. त्यांचं रान साफ आणि कीड आमच्या दारात. सासूबाई ढीग पेटवू देईनात, चांगलं सरपण म्हणून. शेवटी बंबाला रोज दोन भारे लावायचे ठरलंय.

बांधकरी
दोन नको, चार लावा. पाहुण्यांना पण आंघोळीला बोलवा.