मदत हवी आहे: ६५ किलो गटातल्या कबड्डीच्या पोरांना क्रिएटिन द्यावं का?

खानापूरवाला:
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या कबड्डी संघाचं बघतो. प्रशिक्षक म्हणणं जास्त होईल. मैदानावर पाणी मारण्यापासून जीपचं भाडं ठरवण्यापर्यंत सगळं माझ्याकडेच. पोरं कोणी उद्यमबागला कारखान्यात, कोणी शेतात, दोघं अजून अकरावीत.

अडचण अशी, की आमचा मुख्य चढाईपटू मध्यंतरापर्यंत वाघ असतो. उत्तरार्धात तोच गडी निदान रेषा ओलांडून परत फिरतो, बोनसला पायच जात नाही. दम लागलेला नसतो, बोलतो नीट, पण "मांड्या लाकूड झाल्यात" म्हणतो. एक चढाई करून आला की लगेच समोरचा येतो, तेव्हा साखळीत उभं राहायचं, आणि आम्ही परत त्यालाच पाठवतो. दुसरा आहे कोण!

बेळगावात जीमला जाणाऱ्या एकाने दोन डबे आणलेत, एक क्रिएटिन, म्हणजे ताकदीसाठी घेतात ती पावडर, आणि एक प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी घ्यायची पावडर. "सगळी पोरं हेच घ्यायलेत की ओ" म्हणतो. पहिला आठवडा रोज २० ग्रॅम घ्यायचं म्हणे. आमच्या बहुतेक स्पर्धा ६५ किलो गटाच्या, आणि हा चढाईपटू अगदी काट्यावर बसतो. शिवाय घर माळकरी, मटण-मासे नाहीत. त्याची आई विचारते, किडनी जाते का. काय सांगू?

पोषणवाली:
दादा, तुम्ही सांगितलंत ते लक्षण नेमकं आहे. पूर्ण जोर लावतो तेव्हा पहिली काही सेकंदं स्नायू फॉस्फोक्रिएटिनवर, म्हणजे स्नायूतच साठवलेल्या झटपट इंधनावर चालतो. हा साठा रिकामा झाला की अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा भरतो, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. चढाई ३० सेकंदांची, मधली उसंतही तेवढीच. म्हणजे तुमचा गडी दर वेळी अर्ध्या टाकीवर जातोय.

क्रिएटिन मोनोहायड्रेटने हा साठा वाढतो, आणि वारंवार छोट्या धावा मारणाऱ्यांना त्याचा फायदा होतो हे बऱ्यापैकी पक्कं आहे. शाकाहारी माणसात साठा मुळात कमी असतो, त्यामुळे त्याला फरक जास्त जाणवू शकतो. पण २० ग्रॅमचा आठवडा तुमच्यासाठी नाही. स्नायूत पाणी धरलं जातं, एक-दोन किलो वजन सहज वाढतं, आणि पोरगा काट्यावरूनच घरी येईल. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तरी तीन-चार आठवड्यांत साठा तेवढाच भरतो. वजन तेव्हाही थोडं वाढतंच, म्हणून सुरुवात हंगाम संपल्यावर करा आणि गट कोणता झेपतो ते बघा.

आईंना सांगा, निरोगी माणसाला या मात्रेत किडनीचा त्रास दिसलेला नाही. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे ज्यावरून किडनीचं काम बघतात तो आकडा, थोडा वाढलेला दिसू शकतो. डॉक्टरांना डब्याबद्दल आधीच सांगायचं. किडनीचा आजार असेल तर मात्र हात लावू नका. अकरावीवाल्यांना काहीच नको.

जुना कोपरारक्षक:
तो दुसरा डबा आधी जीमवाल्याला परत द्या. अंगाला मुंग्या येतात तेव्हा पोरांना वाटतं पावर आली. ते बीटा-अलानिन असतं, रोज घेऊन महिनाभराने कामाला येतं, सामन्याआधी चमचा मारून नाही. खरा जोर असतो कॅफिनचा. ते किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम पुरतं, पण रात्रीच्या सामन्याला घेतलं तर झोपेचं खोबरं. आणि डब्यात आणखी काय मिसळलंय ते लेबलवर असेलच असं नाही. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी आपले खेळाडू मिथाइलहेक्झानमाइन या बंदी असलेल्या उत्तेजकात सापडले होते, आठवतंय का? उद्या तुमचा पोरगा राज्याकडून खेळला आणि नाडाने (उत्तेजकं तपासणारी राष्ट्रीय संस्था) नमुना घेतला, तर "मला माहीत नव्हतं" चालत नाही. क्रिएटिनसुद्धा सीलबंद, तपासणीची खूण असलेलंच घ्या.

कोणी खायचा सोडाही सुचवेल. अभ्यासात त्याचा उपयोग दिसतो, पण मात्रा किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोला जवळपास २० ग्रॅम. पोट बिघडलं तर चढाई भलतीकडेच जाईल.

मला मात्र वेगळीच शंका आहे. पोरगा काट्यासाठी आदल्या दिवशी पाणी तोडतो का?

खानापूरवाला:
तोडतो. जेवणही. वर स्वेटर घालून पळतो. सकाळी नऊला काटा असतो, सामना रात्री आठनंतर.

जुना कोपरारक्षक:
मग डब्याचं नंतर बघा.

पोषणवाली:
सहमत. घामाने उतरवलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी परत गेलं पाहिजे. काटा झाल्या झाल्या मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, एकदम ढोसायचं नाही, थोडं थोडं. दुपारी भात-आमटी पोटभर. सामन्याच्या तीनेक तास आधी उकडलेली रताळी, तुमच्याकडे काय तोटा! आणि वजन एक-दीड किलो कमी करायचंच असेल तर ते स्पर्धेआधीच्या दोन-तीन आठवड्यांत जेवणातून करा.

जुना कोपरारक्षक:
सरावात २० मीटर जोरात, अर्धं मिनिट उभं, परत २० मीटर, असं आठ-दहा वेळा, आठवड्यातून दोनदा. आणि दुसरा चढाईपटू तयार करा हो, एकट्यावर किती दिवस काढणार?

खानापूरवाला:
अकरावीतला एक पोरगा चपळ आहे, पण पकडीला घाबरतो. त्यासाठी वेगळा धागा काढतो.